फक्त एकच खोली शिल्लक

स्वस्तात खोली हवी असेल तर आधी झोप सोडावी लागते. दिवसाउजेडी, चहाचा कप शेजारी ठेवून, शांतपणे खोली शोधणारे लोक असतात; पण त्यांना ती दहा मिनिटांत मिळून जाते आणि मग सुट्टीपर्यंतचे पंधरा दिवस करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आ वासून उभा राहतो. तुम्ही तसलं काही करू नका. जेवणं आटोपली, मागचं आवरलं, घरातले आडवे झाले की फोन घेऊन बसा. दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलंय ना? दोन रात्री, माणसं चार, तारकर्लीच्या आसपास, समुद्र दिसला तर बरं. एवढ्या भांडवलावर शोधाशोधीच्या अकरा रात्री सहज निघतात. मी काढल्या आहेत.

सुरुवात पाच-सहा ॲप उतरवून घेण्यापासून करा. एकाच दुकानात भाव विचारून वस्तू घ्यायची आपल्याकडे रीत नाही. आता हे खरं की बुकिंग डॉट कॉम, अगोडा आणि कयाक ही एकाच घरातली भावंडं आहेत. एक्सपीडिया आणि हॉटेल्स डॉट कॉम ही दुसऱ्या घरातली, आणि भाव तुलना करून देणाऱ्या ट्रिवागोतला मोठा हिस्साही त्याच घरात. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो यांची चूल २०१७ पासून एक झाली. म्हणजे मंडईत एका गाळ्यावरचा भाव पटला नाही म्हणून तुम्ही तरातरा पुढच्या गाळ्यावर गेलात, तर तिथे आधीच्याचाच मेव्हणा बसलेला. पण त्यामुळे खचून जायचं कारण नाही. मेव्हण्याकडे चाळीस रुपये कमी असतात.

मग यादी येते. यादीच्या माथ्यावर जे हॉटेल आहे ते सर्वात चांगलं आणि स्वस्त असणार, असा भाबडा विश्वास ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या एका न्यायालयाने तो ठेवला नाही. ट्रिवागो ज्या भावाला वरचं स्थान देत होती तो पुष्कळदा सर्वात कमी भाव नव्हताच, आणि क्लिकमागे कोण किती पैसे देतो याचा त्या क्रमवारीत मोठा वाटा होता, असं तिथे सिद्ध झालं. २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तो ऑस्ट्रेलियाचा प्रश्न. आपण ‘शिफारस केलेली’ हाच पर्याय निवडू. कुणी शिफारस केली, असं विचारणं बरं दिसत नाही.

प्रत्येक खोलीवर दोन किमती असतील. एक खोडलेली, एक जिवंत. ६,९९९ वर काट मारून खाली हिरव्या अक्षरांत २,७९९. हा खोडलेला आकडा नीट बघून घ्या, कारण तो भरलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. तरीही ४,२०० रुपये वाचल्याचं जे समाधान आहे ते अगदी खरं असतं. लग्नसराईत साड्यांच्या दुकानात आईला होतं ना, तेच. फरक इतकाच की दुकानदार निदान साडी अंगावर टाकून दाखवतो.

फोन कुठला वापरायचा हेही महत्त्वाचं. २०१२ मध्ये अमेरिकेत असं बाहेर आलं की ऑर्बिट्झ ही साइट ॲपलचे मॅक संगणक वापरणाऱ्यांना थोडी महागडी हॉटेलं पुढे दाखवत होती. त्या हॉटेलांचे दर सर्वांना सारखेच होते, पण मॅकवाले एका रात्रीला ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करतात, असं तिच्या आकडेवारीत दिसलं होतं. तेव्हापासून मी खोली शोधायला आजीचा फोन वापरतो. काच तडकलेली, वर पंचांगाचं ॲप, बॅटरी नऊ टक्के. एवढं दारिद्र्य पाहून कुठल्याही संगणकाला पाझर फुटायला हवा. अजून फुटलेला नाही, पण आजीला आता दिवसभर गोव्यातल्या हॉटेलांच्या जाहिराती येतात आणि ती त्या आवडीने बघते.

साडेबाराच्या सुमाराला ॲप खरं बोलायला लागतं. ‘फक्त १ खोली शिल्लक!’ ‘आत्ता १७ जण हे हॉटेल पाहत आहेत!’ छातीत धडधडायला लागेल. लागू द्या. त्या सतरा जणांत तुम्ही, आजीचा फोन, शेजारच्या खोलीतून बहिणीचा लॅपटॉप आणि तुम्हीच लिंक पाठवलेला मामेभाऊ आहे, हे मनात आणू नका. २०१९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने बुकिंगच्या सहा साइट्सना असले दबाव थांबवायला लावले. इतकी माणसं बघताहेत असं सांगायचं, तर ती दुसऱ्याच तारखांसाठी बघत असू शकतात हेही सांगा, असं म्हटलं. भरलेली हॉटेलं यादीत मधेमधे पेरून ‘बघा, हेही गेलं’ अशी घबराट पसरवणंही बंद करायला लावलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ युक्त्यांची यादीच काढली. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप काहीतरी सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, किंमत थेंबाथेंबाने सांगणं, वगैरे. एकदा वाचून काढा. जुन्या चाळीत गेल्यासारखं वाटतं, सगळे ओळखीचे भेटतात.

आता फोटो. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले असतील तर खोलीबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही, असं समजा. कॅमेरा असा लावलेला असतो की दहा बाय बाराची खोली कबड्डीचं मैदान दिसते. त्यातला समुद्राचा फोटो मात्र निखालस खरा असतो. तो समुद्राचाच असतो, खोलीतून काढलेला असतो असं कुणी म्हटलेलं नाही. अंतराच्या बाबतीत कोकण विशेष उदार आहे. तारकर्लीला लागूनच असलेल्या देवबागच्या टोकाला उभं राहिलं की कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगवे दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. नकाशावर बोट ठेवलं तर नखाएवढं अंतर. रस्त्याने जायचं तर खाडीला भला मोठा वळसा घालून यावं लागतं आणि तेवढ्या वेळात मुलांना दोनदा उलट्या होतात. ‘तारकर्लीपासून अगदी जवळ’ हे पक्ष्यांच्या हिशेबाने असतं. पक्षी खोली घेत नाहीत हा त्यांचा दोष.

अभिप्राय वाचायला मात्र रात्र राखून ठेवा, कारण ते शिकावं लागतं. ‘लोकेशन चांगलं आहे’ म्हणजे बाकी काहीच चांगलं नाही. ‘मालक स्वभावाने फार चांगले’ म्हणजे गीझर बंद होता, पण त्यांनी बादली स्वतः आणून दिली. ‘पैशाच्या मानाने ठीक’ लिहिणारा माणूस अजून सावरतोय. ‘शांत परिसर’ असेल तिथे रिक्षा येत नाही. पाच तारे देऊन ‘खूप छान सेवा, पुन्हा नक्की येऊ’ एवढंच लिहिणारे मालकाचे भाचे असतात, आणि एक तारा देणाऱ्याची तक्रार अशी असते की डिसेंबरात आंबे मिळाले नाहीत. या दोघांची सरासरी ४.१ येते. तुम्ही ४.१ वर विश्वास ठेवून पुढे चला.

पैसे भरायची वेळ आली की वहीपेन्सिल घ्या, हा भाग मला सर्वात प्रिय आहे. एका रात्रीचे २,७९९. कूपन लावलं, २८० गेले, राहिले २,५१९. इथे एक खोल श्वास घ्या, कारण यापुढे आकडा खाली येत नाही. कर ५ टक्के, १२६ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला १२ चे ५ झाले. सरकारने केलेली ही सूट आपण कूपन न लावता मिळवली, म्हणून तिचा आनंद होत नाही.) मग सोयीचं शुल्क १४९. कुणाची सोय, ते लिहिलेलं नसतं. प्रवासविमा ३९, त्याची खूण आधीच केलेली असते आणि ती काढायला गेलात तर ‘नको, माझ्या कुटुंबाची जोखीम मी पत्करतो’ अशा बटणावर बोट ठेवावं लागतं. कार्तिक महिन्यात असलं बटण कोण दाबेल? समाजकार्याला १० रुपये. बेरीज २,८४३. म्हणजे कूपन लावून आपण पहिल्या आकड्यापेक्षा ४४ रुपये जास्त भरले. तरी कूपन लावलं नसतं तर किती गेले असते, या विचाराने अंगावर काटा येतो.

फुकट रद्द होणाऱ्या खोल्या हा तर हक्काचाच मार्ग. एक धरा, तिच्याहून स्वस्त दिसली की दुसरी धरा, मग तिसरी. मी महाबळेश्वरला जाताना अशाच चार धरल्या, एक ठेवली आणि दोन आठवणीने रद्द केल्या. तिसरी रद्द करायची मुदत चोवीस नव्हे तर बहात्तर तासांची होती, हे मला पसरणी घाट चढताना बँकेच्या मेसेजवरून समजलं. पैसे परत मागितले तेव्हा ॲपने मला त्यांच्याच पाकिटात हजार रुपये दिले. ते प्रत्येक बुकिंगला पाच टक्केच वापरता येतात आणि नव्वद दिवसांत संपतात. तेव्हापासून मी वर्षभर प्रवास करतोय.

या सगळ्यात एक धोका आहे, त्याबद्दल सावध करतो. घरात एक तरी माणूस असं निघतं की जे कूस बदलून म्हणतं, “तिथे फोन करून विचारायचं ना सरळ!”

फोन अजिबात करू नका.

फोन केला तर पलीकडे माणूस असतो. तो तुमचं नाव विचारतो, मुलं किती वर्षांची ते विचारतो, मासे खाता ना, असंही विचारतो. साइट त्याच्याकडून १५-२० टक्के, कधी त्याहूनही जास्त दलाली घेते. तुमच्या २,७९९ मधून वीस टक्के गेले तर त्याच्या हातात बावीसशे चाळीसच्या आसपास पडतात. घरगुती निवास चालवणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणीही त्याला लागत नाही. तीच खोली साइटवरून विकली की कर साइटला घ्यावाच लागतो. तेव्हा तो म्हणेल, “तेवीसशे द्या, नाश्ता धरून.” त्याला साठेक रुपये जास्त, तुम्हाला ५४३ कमी. चार मिनिटांत व्यवहार मिटतो आणि उरलेल्या दहा रात्री तुम्ही नुसते झोपलेले असता.

पूर्वी या संकटातून वाचवायला करार होते. अमुक साइटपेक्षा स्वस्त दुसरीकडे द्यायचं नाही, असं हॉटेलवाल्यांना बांधून घेतलेलं असायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्यात नाक खुपसलं. अशा अटी आणि आणखी काही कारणांवरून मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटी आणि ओयोला सुमारे १६९ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं. पण आपल्याला कुठल्या आयोगाचा आधार लागत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालणारे आपण, हॉटेलवाल्याला ‘काही कमी होईल का’ विचारताना जीभ टाळ्याला चिकटते. ॲपपुढे लाज वाटत नाही.

आता याहून स्वस्त हवं असेल तर तेही सांगतो. सर्वात स्वस्त खोली ती, जी अस्तित्वातच नसते. देवस्थानांच्या गावी तिचा पुरवठा मुबलक. भक्तनिवासासारखी दिसणारी साइट, व्हॉट्सॲपवर गोड बोलणारा व्यवस्थापक, निम्मा भाव, आणि आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे केंद्राने चारधाम आणि सोमनाथच्या यात्रेकरूंना अशाच बनावट बुकिंगबद्दल सावध केलं होतं. अशी खोली घेतल्यास सोबत १९३० हा तक्रारीचा नंबरही घ्या, तो तरी फुकट आहे.

तर आपण अकरा रात्रींनी मालवणला पोहोचलो. काउंटर म्हणजे ओटीवरचं टेबल, त्यावर लांबडी वही. मालक आधारकार्डं घेऊन सावकाश नावं लिहून काढतात. मग चष्म्यावरून बघत विचारतात, “ऑनलाइन केलंत? काय लावले?” तुम्ही आकडा सांगता. ते काही बोलत नाहीत, नुसते “हं” करतात. आतून घावन्यांचा वास येतोय. शेजारच्या खोलीतलं कोल्हापूरचं कुटुंब पाटावर बसून खातंय. त्यांनी फोन केला होता. तुमच्या बुकिंगमध्ये नाश्ता नाही. तरी मालक आत बघून सांगतात, “यांनाही चार घाला गो.”

दुसऱ्या दिवशी मुलं म्हणतात, आणखी एक रात्र राहू या. मालक म्हणतात, “राहा की, बावीसशे द्या.” त्यांच्यामागे भिंतीवर खिळ्यांना किल्ल्या टांगलेल्या आहेत. मी मोजल्या, सात होत्या.

“विचारून सांगतो,” असं म्हणून खोलीत या. दार लावा. ॲप उघडा. २,९४९, आणि वर लाल अक्षरांत, फक्त १ खोली शिल्लक.

घाई करा.