मंडईचं काम आता लांबवू नका
पुण्यातल्या महात्मा फुले मंडई परिसराच्या पुनर्विकासाची घाई नको, असं एका लेखात म्हटलंय. घाई? सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईत येतेय आणि स्टेशनातून वर आलं की पाय ठेवायला जागा नाही. हातगाड्या, टेम्पो, उलट्या दिशेने घुसलेल्या दुचाक्या, पायाखाली सडकी कोबीची पानं! अष्टकोनी मनोऱ्याची १८८६ची दगडी वास्तू आहे तशीच राहावी, तिला कुणी हात लावू नये. पण भोवतालचे गाळे, सांडपाणी, माल उतरवायच्या वेळा यांचं काय? गाळेधारकांना पर्यायी जागेची हमी लेखी द्या, निम्मा विरोध तिथेच मावळेल. (तोंडी आश्वासनांवर पुण्यात आता कोणी विश्वास ठेवत नाही.) मंडईजवळचा लक्ष्मी रस्ता पादचारी दिनी, ११ डिसेंबरला, पादचाऱ्यांसाठी मोकळा करता येतो, मग बाकीचे दिवस महापालिका कसला मुहूर्त बघतेय? निविदा काढा.