कडांना शाई, फोटोंना चहा: एका फिरत्या संदेशाचा समाचार

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या पावसाळ्यात आजी-आजोबांच्या जुन्या फोटोंचे स्क्रॅपबुक करायला घेतले आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश येऊन पडला. हा संदेश नंतर मला ठाण्यातल्या तीन वेगवेगळ्या गटांवरही मिळाला, म्हणजे तो बराच हिंडला आहे. त्याचा सारांश असा: स्क्रॅपबुकच्या कागदाच्या कडांना मऊ, जुनाट छटा देण्यासाठी खास शाई आणि साधने विकत घेणे म्हणजे पैशांची नासाडी आहे; उरलेला चहा किंवा कॉफी, तपकिरी बूट पॉलिश, कार्यालयातला स्टॅम्प पॅड आणि पेटती अगरबत्ती यांवर तेच काम होते; शाई लावायचीच तर पॅड थेट कडेवर घासावा, रंग जितका गडद तितके पान उठून दिसते; चहाचा हात मूळ फोटोच्या कडांवरही फिरवावा, म्हणजे फोटो आणि पान एकजीव दिसतात; आणि कागद-शाईच्या वेष्टनावरचा ‘ॲसिड-फ्री’ (आम्लरहित) हा शिक्का ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

मावशीने संदेश मनापासून वाचला आणि अमलातही आणला. त्याचा परिणाम मला रविवारी सकाळी तिच्या जेवणाच्या टेबलावर पाहायला मिळाला, म्हणून संदेशाचा क्रम बाजूला ठेवून मी फोटोंच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

फोटो १९६८ सालचा, कृष्णधवल. ठाण्यातल्या तलावपाळीच्या कठड्याशी आजी उभी, शेजारी आजोबा. मावशीने सकाळच्या उरलेल्या चहात कापसाचा बोळा बुडवून फोटोच्या चारही कडांवरून फिरवला, ओला फोटो वाकू नये म्हणून तो वर्तमानपत्रावर पालथा ठेवला आणि वर एक जाड शब्दकोश ठेवला. संध्याकाळी तिने फोटो उचलला तेव्हा वर्तमानपत्राचा एक तुकडा त्याला घट्ट चिकटलेला होता. तो ओढून काढल्यावर उजव्या कोपऱ्यातला आजीच्या पदराचा काठ कागदाबरोबर निघून आला आणि त्याच्या जागी बातमीची चार उलटी अक्षरे उमटली. चहा दुधाचा नव्हता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण साखरेचा होता, त्यामुळे मी पोहोचले तेव्हा टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर निघालेली होती.

यात मावशीची चूक मी फार धरत नाही, कारण फोटो हा कागदाचाच एक प्रकार आहे असे समजणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या काळच्या कृष्णधवल फोटोत कागद हा फक्त आधार असतो. चित्र असते ते त्यावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे. जिलेटिन पाणी शोषते, फुगते, चिकट होते आणि त्या अवस्थेत ज्याला टेकेल त्याला धरून ठेवते. शिवाय ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेले असल्याने ओल मिळाली की बुरशीला आयतेच खाद्य मिळते. मूळ फोटोच्या कडेवर चहा, शाई, पॉलिश यांतले काहीही लावू नये, आणि यात अपवाद नाही. चांगल्या प्रतीची, नावाजलेली शाईसुद्धा नाही. फोटोमागच्या चौकटीच्या कागदाला शाई लावायची, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग फोटो कोपऱ्यांच्या खाचांत असा बसवायचा की शाईची कड आणि फोटोची कड यांत तीन-चार मिलिमीटर कोरडी जागा उरेल. फोटोच जुनाट आणि तपकिरी दिसायला हवा असेल तर त्याची स्कॅन करून काढलेली प्रत वापरावी आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करावेत.

याच मुद्द्याला लागून ‘ॲसिड-फ्री’चा मुद्दा येतो आणि इथे मला नाइलाजाने संदेशाला अर्धा गुण द्यावा लागतो. वेष्टनावर ते दोन शब्द छापलेले आहेत म्हणून वस्तू फोटोशेजारी निर्धास्त ठेवता येते, असे नाही. कागद आम्लरहित असूनही त्यातला रंग, डिंक किंवा एखादा रासायनिक अंश चांदीच्या कणांवर परिणाम करू शकतो. परंतु यावरून ‘काहीही लावा’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शिरस्त्राणाच्या खुणेवर विश्वास नाही म्हणून उघड्या डोक्याने घोडबंदर रस्त्यावर दुचाकी चालवण्यासारखे आहे. फोटोच्या संपर्कात येणाऱ्या सामग्रीसाठी आयएसओ १८९१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातली फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट, म्हणजे पीएटी, ही नेमकी याच प्रश्नाची परीक्षा आहे. कागद, गोंद, शाई असा जो नमुना तपासायचा तो चांदीच्या सूक्ष्म कणांच्या पट्टीशी आणि डाग टिपणाऱ्या दुसऱ्या पट्टीशी लगटून ठेवतात, ७० अंश सेल्सिअस तापमान आणि ८६ टक्के सापेक्ष आर्द्रता अशा वातावरणात १५ दिवस कोंडतात आणि मग पट्ट्या किती फिकटल्या, किती डागाळल्या हे मोजतात. अमेरिकेत रॉचेस्टर येथील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट ही संस्था अशा चाचण्या करते. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचे गावही तेच, त्यामुळे फोटोंची काळजी तिथे वाहिली जाते यात नवल नाही.

त्या आकड्यांतला ८६ हा आकडा आपण ठाणे-नवी मुंबईकरांनी पुन्हा एकदा वाचावा. प्रयोगशाळा जी ओल मुद्दाम निर्माण करते, ती जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या कपाटात फुकट मुक्कामाला येते. तापमान तेवढे नसते, म्हणून नुकसान १५ दिवसांत न होता सावकाश, पावसाळ्यामागून पावसाळ्यात होते, इतकेच. कोरड्या हवेतल्या कुणी चहाने रंगवलेली पाने वर्षानुवर्षे छान टिकली असे सांगितले, तरी खाडीकाठच्या ऐरोलीत तो दाखला चालत नाही.

आता चहा-कॉफी, फक्त कागदापुरती. चहाच्या पाण्याने रंग सुंदर येतो, हे मी अमान्य करत नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी ‘जुनी सनद’ करायची असेल तर खुशाल वापरावा. पण कडांना हलकी छटा देण्याच्या कामाला तो दोन कारणांनी निरुपयोगी आहे. पहिले म्हणजे तो पाणी आहे: पातळ नक्षीदार कागद कडेला ओला झाला की सुरकुततो आणि रंग मऊपणे विरत न जाता जिथे पाणी थांबले तिथे गडद रेघ सोडतो, बशीखाली राहिलेल्या चहाच्या कड्यासारखी. दुसरे म्हणजे चहा आणि कॉफी दोन्ही आम्लधर्मी आहेत आणि कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या आम्ल तोडत राहते, त्यामुळे कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. मावशीने एक पान वाळवायला लोखंडी चिमट्याने दोरीवर लावले होते. चिमट्याच्या जागी काळा ठसा उमटला, तेव्हा तिला ते गंजाचे वाटले. तो गंज नव्हता. चहातले टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते. युरोपात शतकानुशतके अशाच जातीच्या शाईने लिहिले गेले आणि तिने खाल्लेले कागद तिथले ग्रंथपाल आजही जपत बसले आहेत. योगायोग असा की स्क्रॅपबुकसाठीच्या शायांच्या डिस्ट्रेस इंक या प्रसिद्ध मालिकेत ‘टी डाय’ नावाची छटाच मिळते. चहाचा रंग हवा असेल तर तो चहाशिवाय मिळण्याची सोय कुणीतरी करून ठेवली आहे.

बूट पॉलिशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते मेण आणि द्रावक यांचे मिश्रण आहे, कागदात तेलकट डाग पसरवते, बोटाला लागते, समोरच्या पानाला लागते आणि त्यावर नंतर गोंद धरत नाही. अगरबत्तीने कडा जाळण्याचा सल्ला, तोही ‘मुलांना खूप मजा येते’ या पुरवणीसह, मी वाचून सोडून दिला असता. पण जळलेली कड ठिसूळ असते, तिचा काळा भुगा पानाच्या घडीत साचतो आणि पान उलटताना फोटोवर घासला जातो, एवढे नोंदवून ठेवते.

स्टॅम्प पॅडचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण त्यात खरा गोंधळ आहे. ‘शाईचा पॅड तो शाईचा पॅड’ असे संदेशकर्त्याला वाटते. बँकेत किंवा सोसायटीच्या कार्यालयात दिसणारी जांभळी शाई पॅड महिनोन्‌महिने ओला राहावा अशा बेताने बनवलेली असते. ती कागदात पसरते, गुळगुळीत कागदावर नीट वाळत नाही आणि उजेडात फिकी पडते. जुन्या पावत्यांवरचे शिक्के पाहिले तर हे कुणालाही कळेल. कडांच्या कामासाठी शाई निवडताना ती कागदात मुरते की वर बसते, हे पाहायचे असते. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, मुरते, लवकर वाळते आणि साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर चांगली विरते. डिस्ट्रेस इंक याच प्रकारची आहे, पण ती पाण्याला प्रतिसाद देते, म्हणून घामेजल्या बोटाचा ठसा किंवा कडेशी लावलेल्या फेव्हिकॉलचा ओलावा तिला लगेच पसरवतो. पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, कागदावर बसते, रंग दाट देते, पण वाळायला वेळ घेते; चकचकीत कागदावर आणि त्यातही पावसाळ्यात तर तिच्या वाळण्याची वाटच पाहावी लागते. चॉक शाई हीदेखील पिगमेंटच्याच घराण्यातली, पण वाळल्यावर खडूसारखी निस्तेज, मऊ दिसते. गडद कागदाच्या कडेवर फिकी धुळकट छटा द्यायची असेल तर व्हर्सामॅजिकसारखी चॉक शाई सगळ्यात सोपी. नवशिक्या माणसाने एक तपकिरी डाय पॅड आणि एक फिकट चॉक पॅड घेतला तरी बहुतेक काम भागते. बारा छटांचा संच घ्यावा असे मी कुणालाही सांगणार नाही.

राहिला ‘जितके गडद तितके चांगले’ हा दावा. कडांना शाई लावतात ती मुळात कशासाठी, हेच यात विसरले आहे. नक्षीदार कागद बहुधा वरूनच छापलेला असतो आणि कापला की त्याचा पांढरा गाभा उघडा पडतो. ती पांढरी रेघ डोळ्याला टोचते, तिला झाकणे आणि एका थराला दुसऱ्यापासून हलकेच वेगळे काढणे, एवढेच शाईचे काम. कागदाच्याच रंगाहून एक-दोन पायऱ्या गडद छटा त्याला पुरते. काळ्या शाईने चारही बाजू गडद केल्या की ते पान शोकसंदेशाच्या पत्रासारखे दिसते, आणि आजी-आजोबांच्या फोटोभोवती तर तसे अजिबात दिसू नये. पॅड थेट कडेवर घासल्याने पट्टे पडतात. कागदाची निव्वळ जाडी रंगवायची असेल तर पॅड उभा धरून कडेवरून एकदा ओढणे ठीक, पण पानाच्या अंगावर छटा विरवायची असेल तर मध्ये स्पंज हवाच.

आणि इथे संदेशाला उरलेला अर्धा गुण. महागडी साधने लागत नाहीत, हे खरे आहे. शाई विरवायचा मुठीचा ब्लेंडिंग टूल, मऊ केसांचे गोल ब्रश, बोटात घालायचे स्पंजचे डॉबर हे सगळे वापरायला सुखाचे आहे आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर फेरी मारली तर मोह आवरत नाही. पण मी स्वतः गेली तीन वर्षे मेकअपच्या त्रिकोणी स्पंजवर काम चालवते आहे. त्याची भोके बारीक असतात, म्हणून छटा गुळगुळीत येते. भांडी घासण्याच्या स्पंजची भोके मोठी, त्याने ठिपके पडतात. मुद्दाम खडबडीत कड हवी असेल तर तोही चालतो. प्रत्येक छटेला वेगळा स्पंज ठेवावा. स्पंज पॅडवर दोनदा हलकेच टेकवावा, पहिले दोन-चार फेरे खालच्या रद्दी कागदावर मारून जादा शाई काढून टाकावी, मग कागदाबाहेरून सुरुवात करून छोट्या गोल फेऱ्यांनी आत यावे. हात इतका हलका हवा की पहिल्या फेरीत काही दिसलेच नाही असे वाटावे. रंग वाढवता येतो, कमी करता येत नाही.

मावशीला मी हे टेबलावरच करून दाखवले. “अगं, एवढंसंच लावायचं? मग दिसणार काय?” असे ती दोनदा म्हणाली आणि तिसऱ्या कागदाला तिने स्वतः स्पंज हातात घेतला. उरलेले सात फोटो पुढच्या रविवारी स्कॅन करून घेतले. तलावपाळीच्या फोटोची प्रत आता पहिल्या पानावर आहे, मागच्या फिक्या पिवळ्या चौकटीला ‘टी डाय’ची जेमतेम दोन मिलिमीटर छटा. ऑगस्ट असल्यामुळे ती चौकट रात्रभर पंख्याखाली ठेवावी लागली. मूळ फोटो, उलट्या अक्षरांसकट, पाकिटात घालून मावशीने मुखपृष्ठाच्या आतल्या खिशात ठेवला आहे. ती चार अक्षरे आरशात धरून वाचण्याचा प्रयत्न तिच्या नातवाने केला, त्यातून ‘पाणीक’ एवढेच लागले, बहुधा पाणीकपातीची बातमी असावी.