बॉलरूमच्या खुर्च्यांची कव्हरं

आज सकाळी मुंबई विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात साइट व्हिजिटला गेले होते. नाव लिहीत नाही. नूतनीकरणासाठी बरेच महिने बंद होतं, आता उघडलंय. परिषदा भरवायचा माझा धंदा. फेब्रुवारीत डॉक्टरांची तीन दिवसांची परिषद आहे, ४०० माणसं, म्हणून बघायला गेले.

टॅक्सीतून उतरले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. पोर्चच्या कडेला एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी, छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. आत यायचं तिच्या मनातही नसणार. सर ओसरेपर्यंत छपराखाली उभी होती, एवढंच. गार्डने तिला हात हलवून हाकललं. कुत्र्याला हाकलतात तसं. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "मॅडम, वरून ऑर्डर आहे. गेस्टसमोर बरं दिसत नाही." तोवर ती रस्त्यापलीकडे गेलीसुद्धा होती, भिजत.

तेव्हापासून डोकं तापलंय माझं. कारण हेच ते हॉटेल आणि हाच तो पोर्च.

२६ जुलै २००५. मंगळवार होता. मी चोवीस वर्षांची, पहिली नोकरी, एका औषध कंपनीची मीटिंग याच बॉलरूममध्ये, १८० माणसं. दुपारी जेवणं झाली आणि आभाळ फाटलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की फोन लागत नाही, विमानं बंद आहेत आणि गाड्या रस्त्यात सोडून लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत येताहेत. अंधार पडला तशी ती माणसं पोर्चमध्ये जमायला लागली. ऑफिसातली, कारखान्यातली, भाजीवाल्या, शाळेचे गणवेश घातलेली पोरं.

बँक्वेटचे, म्हणजे मेजवान्यांच्या वाढप्यांचे, कॅप्टन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी कोणाला न विचारता बॉलरूमची दारं उघडली. मॅनेजर धावत आला, "अहो, कार्पेटचं काय होईल?" काका म्हणाले, "कार्पेट सुकतं, साहेब." बस्स. मॅनेजर गप्प झाला आणि थोड्या वेळाने स्वतःच माणसांना आत घ्यायला लागला, हेही सांगायला हवं.

आज सेल्सच्या मुलीने मला सगळं हॉटेल फिरवून दाखवलं. मुलगी चांगली आहे, तिच्यावर राग नाही. इटालियन संगमरवर, छतापर्यंत पोचलेला पाण्याचा पडदा, बॉलरूममध्ये एकही खांब नाही, भिंतभर एलईडी. मी विचारलं, बॉलरूममागची पँट्री कुठे गेली? तिथे आता व्हीआयपी लाउंज केलंय. म्हणजे ४०० माणसांचं गरम जेवण तळघरातल्या किचनमधून एका सर्व्हिस लिफ्टने वर येणार. पाऊण तासाच्या लंच ब्रेकमध्ये! ज्याने हा नकाशा काढला त्याने आयुष्यात एकदा तरी बफेच्या मागे उभं राहून बघितलंय का? ड्रायव्हरांची खोली कुठे आहे विचारलं. पूर्वी होती, कोपऱ्यात चहाची किटली असायची. आता नाही. "ते गाडीतच बसतात, मॅम." तीन दिवस, सकाळी आठ ते रात्री अकरा, गाडीत.

आणि काका? बँक्वेटची जुनी माणसं? "आमची सगळी टीम नवीन आहे, मॅम. जुना स्टाफ क्लोजरच्या वेळीच गेला." हे तिने अभिमानाने सांगितलं. तिला तसं सांगायला शिकवलंय कोणीतरी.

त्या रात्री मी रडकुंडीला आले होते. घरी आई एकटी, फोन नाही. काका मला एरवी मॅडम म्हणायचे, त्या रात्री म्हणाले, "पोरी, बसू नकोस अशी. खुर्च्यांची कव्हरं काढायला घे." क्रीम रंगाची सॅटिनची कव्हरं, मागे मोठा बो. दोनशेच्या वर खुर्च्या होत्या. ती कव्हरं आम्ही टॉवेल म्हणून वाटली, मग पांघरायला वाटली. सहा शाळकरी पोरं होती, काकांनी त्यांना ती उलटी घातली आणि सुटू नयेत म्हणून बो छातीवर बांधला. रात्री अकराला किचनमधून खिचडी आली, चकचकीत चेफिंग डिशमध्ये, खाली स्पिरिट पेटवून जेवण गरम ठेवतात त्या भांड्यांत. आधी पोरांना, मग बायकांना, मग पाहुण्यांना. माझ्या क्लायंटचे एमडी रांगेत भाजीवालीच्या मागे उभे होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला माहीत आहे, आता २००५ नाही. २६/११ नंतर गाडीची डिकी, बॅगा, माणसं तपासायलाच हवीत, मान्य. पण स्कॅनरच्या बाहेर, छपराखाली, डबा घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीची कसली भीती?

आणि २६/११ चं नाव घेताच ना, मग नीट घ्या. ताजमध्ये पाहुण्यांना बाहेर काढताना जीव दिला तो तिथल्या कर्मचाऱ्यांनी. किचनमागच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या होत्या अशा माणसांनी. ताजचा टॉवर २१ डिसेंबर २००८ ला पुन्हा उघडला, जुनी इमारत पूर्ण दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला. आम्ही सगळे तेव्हा रडलो होतो, ते काय झुंबरांसाठी? १९०३ सालचं ते हॉटेल, पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं हॉस्पिटल केलं होतं. तेव्हाही कोणीतरी कार्पेटचं काय म्हणून विचारलंच असेल.

आमच्या धंद्याचीही चूक आहे. माझीसुद्धा. आम्ही हॉटेलला विचारतो काय? खोल्या किती, बॉलरूमचे चौरस फूट किती, वायफाय, रेट, ब्रेकफास्ट धरून की वेगळा. माणसं किती वर्षं टिकलीत हे कधी विचारलंच नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. आपण जे विचारतो त्यावरच ते पैसा घालतात. बीकेसीपासून सहारपर्यंत एकामागून एक नवीन हॉटेलं उघडताहेत, सगळ्यांची पत्रकं एकसारखी.

नवीन बॉलरूममधल्या खुर्च्या सोनेरी फ्रेमच्या आहेत. त्यांना कव्हरच लागत नाहीत. मी तिथे उभी राहून बराच वेळ त्या खुर्च्यांकडे बघत होते. ती मुलगी घाबरली, "मॅम, आर यू ओके?"

२००५ च्या त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं तेव्हा काका एकटेच बॉलरूममध्ये कव्हरं घडी घालून मोजत होते. सहा कमी भरली. मी म्हटलं, आता? ते म्हणाले, "पोरांच्या अंगावर गेली असतील. फाटली म्हणून लिही." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सहा फाटली. माझ्याच अक्षरात.

परिषद तिथे करायची नाही असं क्लायंटला संध्याकाळी कळवलंय. कारण लिहिलं सर्व्हिस लिफ्टचं, आणि ते खरंही आहे. पण हॉटेलला वेगळी मेल केली, त्यात त्या बाईंचं लिहिलं, गार्डला काही करू नका असंही लिहिलं. त्याला पोर्चमधून माणूस हाकलायचा पगार देणारे वर बसलेत.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. इथे बरीच हॉटेल लाइनची मंडळी आहेत. मी काकांना शोधतेय: २००५ मध्ये सहारच्या बाजूला बँक्वेटला असलेले, मूळ चिपळूणकडचे, उजव्या मनगटावर चेफिंग डिशच्या स्पिरिटने भाजल्याचा डाग. आता सत्तरीला आले असतील. कोणाला ठावठिकाणा माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पाऊस थोडा कमी झाला की मी जाऊन येईन.