'क्रोमियम तर गोळ्यांतही असतं' म्हणे. कोणतं क्रोमियम?

प्लेटिंगवाल्यांच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देणाऱ्यांच्या, ग्रुपवरून निघून आता सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत पोचलेला एक मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याचा मथितार्थ असा: क्रोमियम शरीराला लागतं, व्हिटॅमिनच्या गोळ्यांत असतं, सांडपाण्यातून जातं ते चिमूटभर, नाल्यात विरून जातं, उरलंसुरलं जमिनीत आपोआप निरुपद्रवी होतं, पुढे सीईटीपी (अनेक कारखान्यांचं मिळून असलेलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आहेच, तेव्हा लिटरला 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे परदेशी थेर, त्यात छोटे कारखानदार मरणार.

यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं चूक किंवा दिशाभूल करणारं आहे. शेवटचंही अर्धंच खरं.

गोळीपासून सुरुवात करू. गोळीत असतं ते तीन संयुजेचं क्रोमियम. (तेही शरीराला खरंच आवश्यक आहे याचा पटण्याजोगा पुरावा नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2014 मध्ये म्हटलं, पण ते असो.) क्रोम प्लेटिंगच्या टाकीत असतं क्रोमिक ॲसिड, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, शॉपवर ज्याला नुसतं 'हेक्झा' म्हणतात. याचा क्रोमेट आयन ठेवणीनं सल्फेटसारखा असतो, त्यामुळे पेशी त्याला सल्फेट समजून सरळ आत घेते. आत गेल्यावर त्याचं तीन संयुजेत रूपांतर होतं खरं, पण त्या झटापटीत डीएनए दुखावतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं हेक्झाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, ते प्रामुख्यानं श्वासावाटे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगावरून. 'मग पाण्यातून काय होतंय?' असं विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं 2008 मध्ये दोन वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले. पिण्याच्या पाण्यातून डायक्रोमेट (हेक्झाचंच एक संयुग) दिल्यावर मोठ्या उंदरांना तोंडात आणि छोट्या उंदरांना लहान आतड्यात गाठी झाल्या. एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ खपवायचे, ही या मेसेजची सगळी करामत आहे.

आता 'चिमूटभर'. इथे मतांचं कामच नाही, गुणाकार करा. नेहमीच्या क्रोम बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं, त्यातलं 52 टक्के क्रोमियम, म्हणजे 130 ग्रॅम. जिग (जॉब, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तू, टांगायची चौकट) टाकीतून वर काढली की जॉबला चिकटून बाथचं पाणी निघतं आणि धुण्याच्या टाकीत उतरतं. त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. असं एकच लिटर नुसतं पाणी ओतून 0.1 मिलिग्रॅमपर्यंत आणायचं, तर 13 लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे 130 टँकर, बाथच्या एका लिटरला! उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोणत्या नाल्यात एवढं पाणी असतं ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

जमिनीत आपोआप निरुपद्रवी होतं, हे सांगताना अर्धीच गोष्ट सांगितली जाते. सेंद्रिय द्रव्य आणि लोह भरपूर असेल तिथे हेक्झाचं तीन संयुजेत रूपांतर होतं, मान्य. पण क्रोमेटवर ऋण भार असल्यानं मातीचे कण त्याला फारसे धरून ठेवत नाहीत, ते भूजलाबरोबर वाहत जातं. कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत एका गॅस कंपनीनं 1952 ते 1966 या काळात कूलिंग टॉवरचं क्रोमियमवालं पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. 1996 मध्ये 33.3 कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि भूजलाची सफाई त्यानंतरही चालूच राहिली. लांब कशाला, तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना 1990च्या दशकात बंद पडला. मागे राहिलेला कचरा लाखाहून जास्त टनांचा आहे. आपोआप व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.

सीईटीपीचं म्हणाल तर तिथलं मुख्य काम जिवाणू करतात, आणि ते सेंद्रिय घाण खातात. क्रोमियम हे मूलद्रव्य. त्याचा कुणी जिवाणू फडशा पाडू शकत नाही. ते एक तर जिवाणूंनाच मारतं, नाहीतर गाळात बसतं, नाहीतर तसंच पुढे जातं. म्हणून त्याचा बंदोबस्त कारखान्याच्या दारातच करावा लागतो: सामू (पीएच) 2 ते 3 वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवं झालं की चुन्यानं सामू 8–9 पर्यंत चढवायचा, गाळ बसवायचा आणि तो घातक कचरा म्हणून रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या केंद्रात पाठवायचा. ही काही रॉकेट सोडण्याची विद्या नाही, ड्रम आणि पीएच मीटर असलेला माणूस हे करतो.

परदेशी मर्यादा? हेक्झासाठीचा 0.1 हा आकडा आपल्याच पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत आहे, नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी. सार्वजनिक गटारासाठी तर तीच मानकं 2 मिलिग्रॅमपर्यंत सूट देतात, जी मला स्वतःला फारच सैल वाटते.

छोट्या प्लेटिंगवाल्यांचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. चार टाक्यांच्या शॉपला गाळ पाठवण्याचा खर्च जड जातो. पण जिग टाकीवर अर्धा मिनिट जास्त निथळू दिली, पहिल्या धुण्याचं पाणी परत बाथमध्ये घेतलं, तर वाया जाणारं क्रोमिक ॲसिडही वाचतं, आणि ते काही फुकट येत नाही. नळ, बाथरूम फिटिंगच्या शोभेच्या प्लेटिंगला तीन संयुजेचे बाथ मिळतात. यंत्रांच्या भागांवरच्या जाड हार्ड क्रोमला ते अजून तितकेसे चालत नाहीत, तिथे हेक्झा राहणार, आणि म्हणूनच तिथे मर्यादाही राहायला हवी.

आणि कुणी 'क्रोमियम 1.2, मर्यादा 2, पास' असा सांडपाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवला, तर ती ओळ एकूण क्रोमियमची आहे की हेक्झाची, ते आधी बघा; नाल्यासाठी 2 ही मर्यादा एकूण क्रोमियमची, हेक्झाची 0.1च. त्या 1.2 मध्ये सगळं हेक्झाच असेल, तर नाल्यात सोडलेलं पाणी मर्यादेच्या बारा पट आहे. दुसरं, नमुना कसा नेला ते विचारा. बाकी धातूंसाठी करतात तसं बाटलीत नायट्रिक ॲसिड टाकलं असेल, तर हेक्झाचा खरा आकडा त्या बाटलीत राहिलेलाच नसतो. तो नमुना ॲसिड न घालता, थंड ठेवून, चोवीस तासांत तपासावा लागतो.