पंख्याचा नको, इंजिनाचा हवाय

देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती तिला. त्याच ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये, माझ्या मॉडेल रेल्वेचं वीतभर डिझेल इंजिन शोकेसपासून टीव्हीपर्यंत पोचत नव्हतं. सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, आला की बसलंच!

एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 च्या, इंजिनाला वीज मिळते रुळांतून, चाकांमार्फत. रुळावर धूळ बसली (घोडबंदर रोडला तिचा तुटवडा पडल्याचं ऐकिवात नाही) किंवा सांध्यातलं प्लॅस्टिकचं क्रॉसिंग आलं, की पुरवठा क्षणभर तुटतो. तेवढ्यात आतला डिकोडर, म्हणजे हुकूम ऐकून मोटर चालवणारा इंजिनाचा मेंदू, बेशुद्ध. शुद्धीवर आला की इंजिन सुरू होण्याची घरघर पुन्हा पहिल्यापासून. मग आपण बोटाने ढकलायचं.

शेजारचे नाना निवृत्त मोटरमन. "न्यूट्रल सेक्शनला वरची वीज नसायची, तरी आमची लोकल निघून जायची. तुझ्या गाडीला काय धाड भरलीय?"

अहो नाना, तुमची शेकडो टनांची लोकल, ती वेगावरच पुढे जाते. माझ्या इंजिनात वर्म गिअर. मोटर थांबली की चाकं जागच्या जागी जाम.

यावर इलाज म्हणजे पोटात कपॅसिटर बसवणं; तो थोडी वीज साठवतो आणि पुरवठा तुटला की देतो. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो.

"पंख्याचा ना? अडीचचा?"

"नाही, 2.7 व्होल्टचे, एकेक फॅरडचे. पाच द्या."

एकापुढे एक जोडले की पाच मिळून साडेतेरा व्होल्ट झेलतात, पण क्षमता उरते 0.2 फॅरड. तरी ती पंख्याच्या अडीच मायक्रोफॅरडच्या ऐंशी हजार पट. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "फिरवणार काय आहात?"

पुढचं काम डोळ्यांचं. भरताना कपॅसिटरने एकदम करंट ओढू नये म्हणून 100 ओहमचा रेझिस्टर, आणि गरजेला तो पटकन सुटावा म्हणून त्याला समांतर डायोड. प्लस डिकोडरच्या निळ्या तारेला. मायनसचा ठिपका मात्र मोहरीएवढा, तिथे डाग द्यायचा. हिने नेमका तेव्हाच मिक्सर लावला.

पण जमलं. इंजिन सांध्यावरून असं गेलं की नानांनी खुर्चीतून उठून हिरवा रुमाल दाखवला. ही पोह्यांच्या बश्या टेबलावर ठेवत होती, म्हणून मी बटण बंद केलं.

इंजिन चालतच राहिलं.

"अहो, बंद केलंत ना? मग हे कुणाच्या जिवावर चाललंय?"

कपॅसिटरच्या. भरलेला असला की काही सेकंद सहज ओढतो, आणि तेवढ्यात रूळ संपतात. इंजिन रुळाच्या टोकाचा अडसर, म्हणजे बफर, ओलांडून नानांच्या बशीत शिरलं, दिवे चालू, भोंगा चालू.

नानांनी चमच्याने शेव बाजूला केली. "लाल सिग्नल ओलांडलाय. ड्रायव्हरला चार्जशीट द्या, आणि मला दुसरे पोहे."