निम्मा आजार मनात नसतो हो

आज परत तोच फोन. "तू फक्त पॉझिटिव्ह राहा गं, निम्मा आजार मनातच असतो." हो हो म्हणून ठेवला आणि मग अर्धा तास नुसती धुमसत बसले. मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, माझ्या बोन मॅरोमध्ये आहे, हाडांच्या आतल्या मगजात, मनात नाही!

पुढच्या आठवड्यात ट्रान्सप्लांटसाठी ॲडमिट होतेय. माझ्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून ठेवल्यात. त्याआधी रोज इंजेक्शन, कंबरेची हाडं आतून अशी ठणकायची की कूस बदलताना रडू यायचं. मग चार-पाच तास मशीनला जोडलेली, ओठांना मुंग्या, आणि शेवटी सिस्टरनी ती पिशवी समोर धरली. "ताई, या बघा तुमच्या पेशी." एवढीशी, लालसर, हात लावला तर कोमट. तेव्हा मी पॉझिटिव्ह वगैरे काही नव्हते, भेदरलेली होते. तरी त्या पिशवीवरचा हात काढवेना.

1957 साली अमेरिकेतल्या डॉ. थॉमस यांनी सहा पेशंटना दुसऱ्यांचा बोन मॅरो देऊन पाहिला, सहाही जण गेले. ते काय निगेटिव्ह होते म्हणून गेले? आणि उद्या माझं काही बिनसलं तर तेही माझ्याच विचारांमुळे का? पुढे वर्षानुवर्षं लोक राबले, थॉमसना 1990 ला नोबेल मिळालं, तेव्हा कुठे माझी पिशवी आज फ्रीझरमध्ये आहे.

बरं, फोन करणाऱ्यांचा जीव तुटतो म्हणूनच करतात, कळतं मला. मन खचलं की जेवण जात नाही हेही खरं.

पण मला रडू द्या ना. काल लेकीनं माझे केस मशीननं बारीक करून दिले, गळायच्या आधीच. मानेवरचे केस झटकताना तिचा हात थरथरत होता, दोघी गप्प. मग तिनं बॅगेत मऊ ब्रश ठेवला, तोंड सोलवटतं म्हणून. मेल्फालान हे केमोचं औषध चालू असताना चघळायला बर्फ मिळेल ना, हे तिनं डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंय. माझी आशा सध्या एवढीच आहे, तो ब्रश, तो बर्फ आणि माझं नाव लिहिलेली ती पिशवी.

पिशवी परत चढवतील तो दिवस शून्य. तिथून साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तपेशींचे काउंट वर यायला लागतात म्हणे. तेव्हा फोन केलात तर आज काउंट किती एवढंच विचारा. कमी असेल तर कमी सांगेन, आणि रडले तर फोन ठेवू नका.