आग अंबडला, बंब सोमेश्वरी

गजर वाजायच्या आधीच जाग येते, छातीत उगाच धडधडतं, आणि नाशिकच्या अंबडला कंपनीकडे वळायच्या ऐवजी हायवे धरून सरळ धुळ्याला निघून जावंसं वाटतं? अभिनंदन. याला बर्नआउट म्हणतात. आता तुम्हाला बरं व्हायचंय, तर कामाला लागा.

आधी पथ्य. जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते ते अजिबात वाचू नका. त्यांनी २०१९ साली सांगून टाकलं की बर्नआउट हा आजार नव्हे; कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच आवरला नाही की असं होतं. माणूस गळून जातो, कामाचा वीट येतो, आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटायला लागतं. असलं वाचलं की माणूस स्वतःला दोष द्यायचं सोडून कामाकडे बघू लागतो. तिघांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात का, असं विचारावंसं वाटतं. अशानं तब्येत सुधारत नाही, अप्रेझल मात्र बिघडतं.

त्यापेक्षा कंपनीचं वेलनेस वेबिनार करा. ते जेवणाच्या सुट्टीत असतं, त्यामुळे कामाचा खोळंबा होत नाही. डबा ड्रॉवरमध्ये ठेवा, कॅमेरा चालू ठेवा आणि बाई सांगतील तेव्हा श्वास सोडा. हजेरी लागते.

पहाटे पांडवलेणी चढा. घड्याळात पावलं मोजा, स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर टाका. साहेबांच्या अंगठ्याशिवाय व्यायाम अंगी लागत नाही. फक्त दहाव्या लेण्यापाशी रेंगाळू नका. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं तिथे दगडात कोरून ठेवलंय: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवलेत, त्यांच्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ द्यावेत. म्हणजे पावसाळाभर एका जागी राहायचं आणि वर भत्ता! त्या वीस जणांचं रिपोर्टिंग कोणाला होतं, त्याचा मात्र लेखात उल्लेख नाही. (म्हणूनच बहुधा लेणी एवढी टिकली.) असले विचार डोक्यात आले की मिटिंगमध्ये चेहऱ्यावर दिसतात.

रविवारी सहकुटुंब मिसळ, मग सोमेश्वरचा धबधबा. बाकीच्या महाराष्ट्रात ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असं टोमणा म्हणून म्हणतात. आपल्याला ती सोय गंगापूर रोडलाच आहे. कठड्याला टेकून पाण्याकडे बघा, दीर्घ श्वास घ्या आणि फोन उचला. डिस्पॅच अडकलाय. धबधब्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणालात तर मेसेज येईल, आणि तो निळ्या टिकेसकट वाचलाही जाईल.

एवढं करूनही झोप लागत नसेल तर शेवटचा उपाय: इगतपुरीचं विपश्यना शिबिर. दहा दिवस मौन, फोन सुरुवातीलाच जमा. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जा. साहेब मनापासून खूश होतील. “अहो, जाच तुम्ही. तब्येत पहिली. फक्त लॅपटॉप असू द्या बरोबर.” तिथे चालत नाही, असं तुम्ही सांगाल. साहेब पेन खाली ठेवतील, थोडा विचार करतील.

“मग असं करा ना, अलीकडे घोटीलाच उतरा. तिथे रेंज चांगली आहे.”